छापील पुस्तकाचं भवितव्य त्याच्या कण्यात आहे

हाताशी असलेलं अडीच-तीनशे पृष्ठांचं कुठलंही कागदी मुखपृष्ठाचं पुस्तक घ्या, बरोबर मध्यावर उघडा आणि टेबलावर ठेवून हात काढून घ्या. बहुतेक पुस्तकं आपोआप मिटतील. दाबून उघडं ठेवलं तर कण्यावर पांढरी रेघ उमटेल, आणि असं वारंवार झालं की त्याच रेघेपाशी पानं सुटायला लागतील. ई-वाचनाच्या काळात छापील पुस्तकाचं काय होणार, याची चर्चा कागदाचा वास आणि स्पर्श यांच्याभोवतीच फार फिरते. माझ्या मते ती या टेबलापाशी व्हायला हवी. मजकूर झटपट पोचवणं आणि हवा तो शब्द क्षणात शोधून देणं ही दोन कामं पडद्याने छापील पुस्तकाकडून कायमची काढून घेतली आहेत. उरलं ते वर्षानुवर्षं टिकणं, हातात नीट उघडणं आणि कुणाच्या परवानगीशिवाय एका वाचकाकडून दुसऱ्याकडे जाणं. हे चोख करणारं छापील पुस्तक राहील. ज्याला ते जमणार नाही त्याची जागा फाइल घेईल, आणि त्यात वाईट काहीच नाही.

गेलेल्या कामांवर फार शाई खर्चायला नको. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाने २४४ वर्षांनंतर, २०१२ मध्ये, छापील आवृत्ती थांबवत असल्याचं जाहीर केलं. कोश, निर्देशिका, यंत्रांच्या माहितीपुस्तिका, सतत बदलणारे नियम यांना पडदाच योग्य. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी अक्षर हवं तेवढं मोठं होणं आणि मजकूर ऐकता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. छापील पुस्तकावर प्रेम असणाऱ्यांनी ती मोकळेपणाने मान्य करावी.

ई-वाचकाचा पडदा कसा चालतो ते समजलं की त्याचं बळ कशात आहे हेही कळतं. ई इंक कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली, या पडद्याचं सोनीचं पहिलं वाचनयंत्र २००४ मध्ये जपानमध्ये आलं आणि किंडल २००७ मध्ये. पडद्यात द्रवाने भरलेल्या लक्षावधी सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत विरुद्ध विद्युतभार असलेले पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे खाली जातात, आणि वीज काढून घेतली तरी जागच्या जागी राहतात. म्हणून बॅटरी मुख्यतः पान उलटताना, दिवा लावल्यावर आणि वायफाय चालू असताना खर्च होते. पडदा बाहेरचा उजेड परावर्तित करतो, त्यामुळे उन्हात अक्षर उलट जास्त स्पष्ट दिसतं. इंचाला ३०० ठिपके असतील तर साध्या छपाईशी तो सहज बरोबरी करतो. एकदा वाचून बाजूला ठेवायच्या कादंबरीला याहून सोयीचं साधन शोधायला जाऊ नये.

या यंत्राच्या कुरबुरीही ठरलेल्या आहेत. मागच्या पानाची पुसट सावली राहिली तर सेटिंगमध्ये दर पानाला पूर्ण रिफ्रेश चालू करा. कण पूर्ण फिरले की सावली जाते. पडद्यावर न हलणारे पट्टे किंवा ठोकळे दिसले तर मात्र आतली काच तडकली आहे. बऱ्याच यंत्रांत वरचा थर शाबूत राहतो आणि त्याखालची, ट्रान्झिस्टर असलेली पातळ काच फुटते. पिशवीत वर जड वस्तू ठेवली की हे होतं, म्हणून पडद्यावर कडक झाकण असलेलं कव्हर हवंच. यंत्र काही महिने वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून, यंत्र बंद करून ठेवा आणि अधूनमधून पुन्हा भरा. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी होऊन पडून राहिली तर ती पुन्हा उठेलच असं नाही.

आकलनाच्या बाबतीत पुरावा कागदाच्या बाजूने झुकतो, पण थोडासाच. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून १,७०,००० हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजला, वेळेची मर्यादा असेल तेव्हा फरक वाढला, आणि गोष्टीरूप मजकुरात तो दिसला नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: अभ्यासाचं, पुन्हा पुन्हा मागे जाऊन पडताळायचं, समासात टिपा काढायचं पुस्तक कागदावर घ्या. नेमकं हेच पुस्तक सगळ्यात जास्त वेळा सपाट उघडलं जातं, आणि बाजारात ते सगळ्यात कच्च्या बांधणीत मिळतं. माझी मुख्य तक्रार ही आहे.

तेव्हा बांधणीकडे येऊ. पुस्तक मोठ्या तावांवर छापलं जातं. ताव दुमडून साधारण १६ पृष्ठांचा, म्हणजे ८ पानांचा, एक फर्मा होतो. २५६ पृष्ठांच्या पुस्तकात असे १६ फर्मे. ते एकमेकांना कसे जोडायचे यावर पुस्तकाचं आयुष्य ठरतं.

परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्मे एकावर एक रचून कण्याकडची कड यंत्राने २-३ मिलिमीटर खरवडून काढतात. दुमड निघून जाते, प्रत्येक पान सुटं होतं, त्या कडेवर खाचा पाडतात, वर गरम गोंद लावतात आणि लगेच मुखपृष्ठ दाबतात. सर्वात जास्त चालणारा गोंद ईव्हीए. तो १६० ते १८० अंश सेल्सिअसला वितळलेल्या अवस्थेत लागतो आणि काही सेकंदांत घट्ट होतो. वेग हाच त्याचा फायदा. बिघाडाची कारणं मात्र बरीच. खरवडलेल्या कागदाची धूळ नीट ओढून घेतली नाही तर गोंद धुळीला चिकटतो, तंतूंना चिकटत नाही. अशा पुस्तकातून सुटलेलं पान पाहा: त्याची कड स्वच्छ असते, गोंदाचा मागमूस नसतो. गोंद कमी तापलेला असेल तर खाचांत शिरत नाही. टाकीत तासन् तास जास्त तापत राहिला तर करपून ठिसूळ होतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर मातीचा थर असतो. गोंद त्या थराला धरतो आणि थर कागदावरून सुटतो. चित्र थेट कण्यापर्यंत छापलेलं असेल तर शाईतली तेलं गोंद मऊ करतात. हे सगळं सांभाळलं तरी ईव्हीए वयाबरोबर लवचिकपणा गमावतो आणि थंडीत तडकतो.

पीयूआर हा गोंद याच यंत्रपद्धतीतला, पण वेगळ्या जातीचा. तो ११० ते १३० अंशांना लागतो, थर ०.३ ते ०.५ मिलिमीटर पुरतो, आणि हवेतली व कागदातली आर्द्रता शोषून त्याची रासायनिक जुळणी होते. पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस लागतो. यंत्रातून निघालेली प्रत लगेच ताणून पाहिली तर ती कच्ची वाटते आणि चांगलं काम नाकारलं जातं. हवा फार कोरडी असेल तर वेळ आणखी लागतो. एकदा जुळला की हा गोंद पुन्हा वितळत नाही, म्हणून बंद टाकी लागते आणि साफसफाई किचकट होते. त्याच्या वाफेत आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यामुळे यंत्रावर वाफ ओढून घेणारा पंखा असलाच पाहिजे. इतकं केल्यावर पुस्तक बरंच सपाट उघडतं आणि आर्ट पेपरही पकडून धरतं. पाठ्यपुस्तकं, पाककृतींची आणि तंत्राची पुस्तकं चिकटवूनच द्यायची असतील तर किमान पीयूआरने द्यावीत.

खरी बांधणी शिलाईची. प्रत्येक फर्म्याच्या दुमडीतून दोरा जातो आणि तोच शेजारच्या फर्म्याला बांधतो. गोंद फक्त आधाराला असतो. असं पुस्तक कुठेही उघडा, पडून राहतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते दुरुस्त होतं: दोरा उसवायचा, फाटलेल्या दुमडीला पातळ जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या खळीने लावायची आणि पुन्हा शिवायचं. परफेक्ट बाइंडिंगचं पुस्तक पुन्हा बांधायला नेलं की कडेचे दोन-तीन मिलिमीटर परत कापले जातात. आतला समास अपुरा असेल तर दुसऱ्याच खेपेला ओळींची टोकं कण्यात जातात. म्हणून चिकटवायच्या पुस्तकाला आतला समास २० मिलिमीटर तरी ठेवावा. शिवलेल्याला १५ मध्येही भागतं.

दुकानात ओळखायचं कसं? पुस्तक मिटलेलं ठेवून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. गोलसर दुमडींचे गठ्ठे दिसले तर फर्मे शाबूत आहेत. एकसंध सपाट गोंदाची रेघ दिसली तर पानं सुटी आहेत. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एका पद्धतीत दुमड न कापता तिला फक्त चिरा देऊन गोंद आत ढकलतात, तेव्हाही गठ्ठे दिसतात. खात्रीसाठी एखाद्या गठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर उघडा. १६ पृष्ठांच्या फर्म्यात तो मध्य आठव्या आणि नवव्या पृष्ठांमध्ये येतो, आणि पुढे दर १६ पृष्ठांनी. तिथे दुमडीत दोरा दिसला तरच शिलाई. जाड पुठ्ठ्यावर जाऊ नका. पुष्कळ पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकांत आत फक्त गोंद असतो.

ग्रेनची, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेची, गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. कागद यंत्रावर तयार होताना तंतू बहुतांशी एकाच दिशेत झोपतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या बाजूला जास्त फुगतो. पुस्तकात ग्रेन कण्याला समांतर हवा. तो आडवा असेल तर दमट हवेत पान उंचीत वाढू पाहतं, कण्याकडची कड गोंदाने जखडलेली असते, आणि कण्यालगत लाटा उठतात. असं पुस्तक उघडतानाही अडतं, कारण प्रत्येक पान तंतूंच्या विरुद्ध वाकवावं लागतं. सुट्या कागदावर तपासायचं तर लगतच्या दोन कडा ओल्या बोटाने भिजवा. जी कड लाटांसारखी वळवळेल ती ग्रेनला आडवी. मुद्रक चुकीचा ग्रेन घेतो तो बहुधा तावाच्या मापात कागदाची बचत होते म्हणून. प्रकाशकाने मागणीपत्रातच ‘ग्रेन कण्याला समांतर’ लिहिलं तर हा वाद उद्भवत नाही.

जाडीवरूनही फसगत होते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि बल्क म्हणजे त्या वजनाच्या मानाने कागदाची जाडी. ८० जीएसएमचा, १.३ बल्कचा कागद १०४ मायक्रॉन भरतो. ३०० पृष्ठं म्हणजे १५० पानं, कणा १५.६ मिलिमीटर. तोच ८० जीएसएम १.८ बल्कचा घेतला तर पान १४४ मायक्रॉन आणि कणा २१.६ मिलिमीटर. मजकूर तेवढाच, वजन तेवढंच, पुस्तक मात्र भरगच्च वाटतं. कागदात हवा जास्त आहे, एवढाच फरक.

आयुष्याच्या दृष्टीने जीएसएमपेक्षा आम्ल महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकात शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीची खळ देण्याची पद्धत रुळली, आणि १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली. तुरटीमुळे कागद आम्लयुक्त होतो, आणि आम्ल व ओल मिळून कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात. दळलेल्या लाकडातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची असंख्य पुस्तकं हाताळताच तुकडे होतात त्याचं कारण हे, आणि त्याहून कितीतरी जुना चिंध्यांचा कागद मजबूत राहिला त्याचंही. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे: पीएच ७.५ ते १०, किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटएवढा अल्कलीचा साठा, लिग्निन जवळजवळ नाही, आणि फाटण्याला ठरलेला प्रतिकार. असा कागद असेल तर पुस्तकात वर्तुळातलं अनंताचं चिन्ह छापता येतं. नुसतं ‘ॲसिड-फ्री’ पुरेसं नाही. अल्कलीचा साठा नसेल तर आज उदासीन असलेला कागद हवेतलं आम्ल शोषून उद्या आम्लयुक्त होतो. घरी पाहायचं तर पीएच पेन मिळतं. कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात बारीक रेघ ओढा. पिवळी राहिली तर आम्ल, जांभळी झाली तर ठीक. रेघ पुसली जात नाही, म्हणून दुर्मीळ प्रतीवर ओढू नका.

मागणीनुसार छपाईने छापील पुस्तकाला नवं आयुष्य दिलं आहे, हे मी मनापासून मानतो. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या नेहमीच्या छपाईला, प्लेट आणि यंत्रजुळणीचा ठरीव खर्च असतो. डिजिटल छपाईला तो जवळजवळ नसतो, पण दर प्रत महाग पडते. समजा ऑफसेटच्या तयारीला १२,००० एकक आणि पुढे दर प्रतीला ४० लागतात, तर डिजिटल प्रतीला ७०. १२,००० भागिले ३०, म्हणजे ४०० प्रतींवर दोन्ही सारखे. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण सगळ्या प्रती विकल्या जातील असं त्यात धरलेलं असतं. ऑफसेटवर १,००० प्रती छापल्या तर खर्च ५२,००० झाला, तो विकल्या न जाणाऱ्या प्रतींसकट. डिजिटलवर विकल्या तेवढ्याच छापायच्या असतील तर ५२,००० मध्ये ७४२ प्रती निघतात. म्हणजे हजारांतल्या ७४३ विकल्या गेल्याशिवाय ऑफसेट स्वस्त पडलेलं नाही, आणि गोदामाचं भाडं अजून धरलेलंच नाही. कमी खपाची पण हवीहवीशी पुस्तकं ‘उपलब्ध नाही’ या यादीतून बाहेर काढण्याचा मार्ग हाच. फक्त अशा प्रतीचा टोनर, म्हणजे भुकटीची शाई, कागदाच्या पृष्ठभागावर बसतो, आत मुरत नाही. पीव्हीसीचं प्लास्टिक कव्हर घातलं तर काही महिन्यांत टोनर त्याला चिकटून उचलला जातो. घालायचंच तर पॉलिएस्टरचं घाला.

आता फाइलचा टिकाऊपणा. ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरवरून काढून टाकल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं; पैसे परत मिळाले, पुस्तकं उघडेनाशी झाली. त्याच वर्षी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की वाचून झालेलं ई-पुस्तक हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुढे विकता येत नाही. छापील प्रतीला यातलं काहीच लागू नाही, आणि मला तिचं हे सर्वात मोठं बळ वाटतं.

तरी फाइल नीट जपता येते. कॉपी रोखणारं कुलूप नसलेली ईपब मिळत असेल तिथून घ्या. ईपब म्हणजे आत साधी वेबपानं, चित्रं आणि अनुक्रम असलेली झिप फाइल. कुलूप नसेल तर नावाचं शेपूट ‘झिप’ करून ती कुठल्याही संगणकावर उघडते, म्हणूनच ती टिकण्याची शक्यता जास्त. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पेन ड्राइव्हला संग्रह समजू नका. त्यातला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर गळतो. वर्षातून एकदा फाइली उघडून पाहा.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. फॉन्ट काढला की निरर्थक चिन्हं उरतात. अशा फाइलींतून निघालेली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण शोध चालत नाही आणि अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळत नाहीत. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यानंतर चार जागा डोळ्यांनी तपासाव्यातच: ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला तर लागला नाही ना, रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, आणि ॲ-ऑ. ईपबमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. नाहीतर हिंदी वळण येतं.

घरातल्या पुस्तकांसाठी दोनच गोष्टी. पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीने, पानांत टिपकागद घालून, पंख्याखाली वाळवा. कसर किंवा किडा लागला तर पुस्तक पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत एक-दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, कागदावर नाही.

आणि प्रकाशकांना एक मागणी. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ यांची नोंद असतेच. तिथेच कागदाचं वजन, तो टिकाऊ कागदाच्या मानकात बसतो की नाही आणि बांधणीचा प्रकार (शिलाई, पीयूआर की ईव्हीए) हेही छापा. दोन ओळी लागतात, आणि प्रत घ्यायची की फाइल, हे वाचकाला दुकानातच ठरवता येतं.